बदली तासाची वही

मराठी आणि उर्दू दोन्ही शिकवणाऱ्या माणसाला एक खोड लागते. कुठलीही गोष्ट दिसली की तिला या भाषेत काय म्हणतात आणि त्या भाषेत काय, हे मनातल्या मनात लावून पाहायची. दोन माणसांनी आपसात बोलणं टाकलं तर आमच्या घरात 'बोलचाल बंद है' म्हणतात, मुलं 'कट्टी' म्हणतात. मराठीत त्याला 'अबोला' म्हणतात, आणि तो नुसता होत नाही, धरावा लागतो. धरलेला सोडावाही लागतो. म्हणजे त्यात कुणाचा तरी हात आहे, हे भाषेनेच सांगून ठेवलंय.

मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी उर्दू माध्यमाच्या अनुदानित हायस्कूलमध्ये शिकवते. बी.एड. होऊन नोकरीला लागले त्याला वीस वर्षं होत आली. एवढ्या काळात स्टाफरूममध्ये बरेच अबोले पाहिले. आठवड्याचे, सत्राचे, एक तर थेट निवृत्तीच्या निरोप समारंभापर्यंत टिकलेला (समारंभात दोघांनी एकमेकांबद्दल भाषणं मात्र फार सुंदर केली). आज लिहायचं आहे ते दोन वर्षांपूर्वीच्या एका अबोल्याबद्दल. दोन बायकांमधला. नावं सांगणार नाही. एकीला आपा म्हणू, कारण सगळी शाळा त्यांना आपाच म्हणते. पन्नाशीच्या, गणित शिकवतात, नववीच्या वर्गशिक्षिका. दुसरी विज्ञानाची, तिशीच्या आतली, नुकतीच शिक्षणसेवक म्हणून लागलेली. तिला टीचर म्हणू.

भांडणाचं कारण सांगितलं तर तुम्ही हसाल. एका शनिवारी शेवटच्या तासाला सातवीवर कुणी जायचं, एवढंच. त्या वर्गाचे सर रजेवर होते. गैरहजर शिक्षकाच्या जागी लावलेल्या तासाला आमच्याकडे 'ॲडजस्टमेंट' म्हणतात, जुनी मंडळी 'बदली तास' म्हणतात. मामूंनी चिठ्ठी आणून टीचरच्या हातात दिली. (आमच्याकडे शिपायाला मामू म्हणतात, वय काहीही असो.) टीचर म्हणाली, "सुबह से एक मिनट नहीं बैठी मैं. आपा बैठी हैं ना, उनको दो." आपा खरंच बसल्या होत्या, पण समोर घटक चाचणीच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा होता. चष्म्यावरून बघत त्या म्हणाल्या, "कल की आई हुई बच्ची मेरेकू सिखाएगी अब?"

बस्स. तो ऑगस्ट होता.

त्यानंतर जे सुरू झालं ते ज्यांनी कुठल्याही कार्यालयात, बँकेत, दवाखान्यात नोकरी केली आहे त्यांना सांगायला नको. खुर्च्या बदलल्या. टीचर खिडकीजवळ गेली, आपा कपाटाजवळ राहिल्या. मधल्या सुट्टीत डबे आधी एका टेबलावर उघडायचे, आता दोन टेबलांवर. निरोप मामूंमार्फत, नाहीतर मुलींमार्फत: "जा, तुमच्या क्लास टीचरना सांग, प्रयोगवह्या आल्या नाहीत." व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर आपांनी काही टाकलं की टीचर तेवढ्याला सोडून बाकी सगळ्यांना अंगठा द्यायची. सलाम मात्र रोज व्हायचा. तो कसा, तर दारात उभं राहून सगळ्या खोलीला एका दमात, कुणाच्याही डोळ्यांत न बघता. मुसलमानाने आपल्या भावाशी तीन दिवसांहून जास्त बोलणं तोडू नये आणि दोघांत चांगला तो जो आधी सलाम करतो, हे आम्ही सगळ्यांनी लहानपणी अम्मीकडून ऐकलेलं असतं. खोलीला केलेला सलाम ही त्यातून काढलेली पळवाट.

बाकीच्यांनीही हातभार लावला. इथेही एक शब्द आठवतो, गीबत. मराठीत त्याला चुगली म्हणतात, पण गीबतची व्याख्या जास्त कडक आहे. पाठीमागे सांगितलेली गोष्ट खरी असली तरी ती गीबतच, आणि खोटी असेल तर ते बुहतान, त्याहून वाईट. आमच्या स्टाफरूममध्ये रोज कुणीतरी म्हणायचं, "मैं झूठ थोड़ी बोल रही हूँ?" आणि मग पुढचं सांगायचं. कोण किती वाजता आलं, कुणाला संस्थेच्या चिटणीसांचा फोन येतो, कुणाचा नवरा कुणाच्या ओळखीचा. दोघींपैकी एकीलाही ठाऊक नसलेल्या गोष्टी दोघींच्या नावावर जमा झाल्या.

आमचे हेडमास्टर साहेब भले माणूस आहेत. त्यांनी दोघींना केबिनमध्ये बोलावलं, चहा मागवला, सोबत नानखटाई. म्हणाले, "अरे, हम सब एक फॅमिली हैं. मिट्टी डालो." दोघींनी चहा घेतला. दोघींनी मान हलवली. बाहेर आल्या आणि एक कपाटाकडे गेली, एक खिडकीकडे.

या 'फॅमिली'बद्दल मला जरा सविस्तर बोलायचं आहे. शाळा हे एक कुटुंब आहे, हे वाक्य मी स्नेहसंमेलनात, संस्थेच्या वर्धापनदिनाला आणि प्रत्येक भांडणानंतर ऐकत आले आहे. बोलणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण कुटुंबात काम कसं वाटलं जातं, ते बघा. तिथे हजेरीपट नसतो, रजेचा अर्ज नसतो. सगळ्यात जास्त काम सगळ्यात धाकट्या सुनेला, आणि ते कुठे लिहिलेलं नसतं, म्हणून त्याची तक्रारही करता येत नाही. तक्रार केली तर तुम्ही घर फोडणाऱ्या. टीचर स्वतःच्या घरात धाकटी सून होती. पहाटे उठून सगळ्यांचे डबे करून ती शाळेत यायची, आणि इथे आल्यावर तिला सांगितलं जायचं की हेही घरच आहे.

त्यात आपण ऑफिसात नाती लावतो. आपा, बाजी, भाभी, मामू, सर-लोकांना भाईजान. मला ही सवय आवडते, तिने खोली उबदार राहते. पण आपाविरुद्ध लेखी अर्ज कसा करायचा? कुणी केलाय आजवर? ज्याला नातं लावलं त्याच्याशी फक्त रुसता येतं.

आणि आपांची बाजू? ती मला टीचरपेक्षा जास्त माहीत होती, कारण मी त्यांना वीस वर्षं पाहते आहे. त्या लागल्या तेव्हा स्टाफमध्ये सगळ्यात लहान त्याच होत्या. पंधरा वर्षं त्यांनी सगळ्यांचे बदली तास घेतले, जनगणनेच्या कामाला गेल्या, निवडणुकीत आडगावच्या केंद्रावर रात्र काढली, आणि 'बच्ची है, कर लेगी' हे वाक्य हजारदा ऐकलं. आता वय झालं, गुडघे दुखतात, जिना चढवत नाही. आपली बसायची पाळी आली, अशी त्यांची समजूत होती. जे त्यांनी सोसलं ते पुढच्या मुलीने सोसावं यात त्यांना अन्याय दिसत नव्हता, रीत दिसत होती. सासूची गोष्ट आहे ही, दुसरं काय.

पैशाचाही विषय आहे आणि तो स्टाफरूममध्ये कुणी काढत नाही. शिक्षणसेवकाला पहिली तीन वर्षं पगार नसतो, ठरावीक मानधन असतं. माध्यमिकला ते कितीतरी वर्षं 8,000 रुपये होतं, 2023च्या जानेवारीपासून 18,000 झालं. त्याच टेबलावर पूर्ण वेतनश्रेणीचे शिक्षक बसतात, ज्यांचा पगार त्याच्या कितीतरी पट आहे. आणि काही शाळांत त्याच टेबलाच्या कोपऱ्यावर तासिका तत्त्वावरचे शिक्षक बसतात, ज्यांना घेतलेल्या तासाचेच पैसे मिळतात. तिघांचं शिक्षण तेच, फळा तोच. अशा खोलीत 'एक तास जास्त घे ना' हे वाक्य तिघांना तीन प्रकारे ऐकू येतं.

आता ज्या गोष्टीमुळे मी हे लिहायला बसले ती.

आपांच्या नववीत एक मुलगी होती. हुशार म्हणता येणार नाही, पण नियमित. मराठीच्या तासाला निबंधात नेहमी आपल्या शेळीबद्दल लिहायची, विषय कुठलाही दिला तरी. सप्टेंबरच्या शेवटी ती यायची बंद झाली. आपांनी हजेरीत गैरहजेरी मांडली, आठवड्याने मामूंना घरी पाठवलं, घराला कुलूप. पुन्हा पाठवलं, पुन्हा कुलूप. गावाला गेले असतील असं धरून चालल्या. मुलगी दीर्घ गैरहजर विद्यार्थ्यांच्या यादीत गेली.

ती कुठे आहे हे शाळेत एका व्यक्तीला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. टीचर त्याच गल्लीत राहायची. मुलीच्या आईचं ऑपरेशन झालं होतं, आई जिल्ह्याच्या दवाखान्यात, बाप तिच्यासोबत, आणि ही मुलगी दोन लहान भावंडांना घेऊन मागच्या गल्लीत खालाच्या घरी. टीचरने एकदोनदा तिच्या घरी सालन पाठवलं. वर्गशिक्षिकेला माहीत असेलच, असं तिने धरलं. आणि नसेल तर आपण होऊन जाऊन सांगायचं, तर बोलायचं कसं? अबोला होता.

दिवाळीच्या सुट्टीनंतर मी वर्गात सहज विचारलं, शेळीवाली कुठे आहे? एका मुलीने सगळं सांगितलं, अगदी सरळ, जणू सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट. मी स्टाफरूममध्ये येऊन तेच सांगितलं. आपा खुर्चीतून उठल्या, खिडकीपाशी गेल्या आणि टीचरला म्हणाल्या, "मेरेकू बोलना था ना." तीन महिन्यांतलं पहिलं वाक्य. तो समेट नव्हता, राग होता. टीचरने मान खाली घातली, मग वर केली आणि म्हणाली, "आप पूछते तो बोलती."

आम्ही तिघी त्याच संध्याकाळी तिच्या खालाच्या घरी गेलो. सप्टेंबरमध्ये करता आल्या असत्या अशा साध्या गोष्टी होत्या. धाकट्याला अंगणवाडीत, मधल्याला आमच्याच आवारातल्या प्राथमिक शाळेत, तिला निदान अर्धा दिवस वर्गात. पण दोन महिन्यांत तिने साड्यांना फॉल-बीडिंग लावायचं काम धरलं होतं, घरात त्याचे पैसे येत होते आणि आईला बराच काळ विश्रांती सांगितली होती. ती म्हणाली, "अब क्या टीचर, सब आगे निकल गए." तिला परत आणता आलं नाही. यंदा ती 17 नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसणार आहे. फॉर्म आपांनी भरला. पण शाळेतली दोन वर्षं गेली ती गेली.

स्टाफरूममधलं भांडण हा मोठ्यांचा खाजगी मामला आहे, मुलांपर्यंत जात नाही, असं आपण समजतो. शाळेचं अर्धं काम या खुर्चीवरून त्या खुर्चीवर जाता-जाता टाकलेल्या वाक्यांनी चालतं. 'तो आठवीतला हल्ली झोपतो वर्गात', 'तिच्या घरी काहीतरी चाललंय बघा', 'त्याला फळ्यावरचं दिसत नाही वाटतं'. हे कुठल्या नोंदवहीत नसतं. अबोला धरला की सगळ्यात आधी हीच वाक्यं बंद पडतात, आणि ती बंद पडलेली कुणाला ऐकू येत नाहीत.

मी हेडमास्टर साहेबांकडे गेले आणि म्हणाले, चहा पुरे, मला तास-वह्या बघू द्या. आमच्याकडे प्रत्येक वर्गाची एक वही असते, तासाला आलेला शिक्षक त्यात सही करतो. बदली तासाच्या चिठ्ठ्या केरात जातात, पण सह्या राहतात. डिसेंबरमध्ये क्लार्क भाऊंना सोबत घेऊन मी जूनपासूनच्या सह्या मोजल्या. कुणाचे वेळापत्रकातले तास किती, बदली किती, आणि कुणाच्या तासाला दुसऱ्याची सही किती वेळा. तीन-चार दुपारी गेल्या. क्लार्क भाऊ शेवटी म्हणाले, "मॅडम, हे तर पंचनाम्यासारखं झालं."

निघालं ते असं. बदली तास सगळ्यात जास्त टीचरचे, आपांच्या जवळजवळ दुप्पट. म्हणजे टीचर खरी. पण वेळापत्रकातले मूळ तास आपांचे सगळ्यात जास्त, कारण गणिताची एक जागा रिकामी आहे आणि ते तास गुपचूप त्यांच्यावर टाकलेले. दोन्ही मिळवले तर दोघी जवळजवळ बरोबरीत. म्हणजे आपाही खऱ्या. आणि एक तिसरं नाव होतं, ज्याचा या भांडणात कुणी उल्लेखच केला नव्हता. एका सरांचा एकही बदली तास नव्हता, आणि त्यांच्या स्वतःच्या तासांपुढे निम्म्या वेळा या दोघींच्याच सह्या होत्या. सर 'संस्थेच्या कामाला' गेलेले असत.

म्हणजे दोन दमलेल्या बायका सहा महिने एकमेकींशी भांडत होत्या, आणि ज्या ओझ्यावरून भांडत होत्या ते तिसऱ्याच माणसाचं होतं. माझ्या पाहण्यात हे फार वेळा असंच असतं. वर बसलेल्याशी भांडता येत नाही, म्हणून माणूस शेजारच्याशी भांडतो.

जानेवारीच्या सभेत तो कागद टेबलावर ठेवला. कुणाला बोल लावला नाही, फक्त रकाने. आपांनी चष्मा पुसून दोनदा वाचला. टीचरने मोबाइलवर बेरीज करून पाहिली. सर थोडे लाल झाले आणि म्हणाले, "ठीक है, लेकिन संस्था का काम फिर कौन करेगा?"

हा प्रश्न चुकीचा नव्हता, आणि तो हसण्यावारी नेला असता तर पुढचं काही झालं नसतं. ते काम खरंच आहे. अनुदानित शाळेत शिक्षणाधिकारी कार्यालयाच्या चकरा संपत नाहीत. पदाची मान्यता, शालार्थ प्रणालीत नाव, थकीत बिलं, आरोग्याची प्रतिपूर्ती. खुद्द टीचरची वैयक्तिक मान्यता या सरांनीच पाच-सहा खेपा घालून आणली होती, आणि हे तिला त्या सभेत पहिल्यांदा कळलं. ते काम कुठेच लिहिलेलं नव्हतं, म्हणून ते करणाऱ्याला वाटायचं आपली किंमत नाही, आणि बाकीच्यांना वाटायचं हा फिरतो.

सुट्टीत मी मेरी पार्कर फॉलेट या अमेरिकन बाईंबद्दल वाचलं. जन्म 1868, मृत्यू 1933. व्यवस्थापनशास्त्राच्या पुस्तकात त्यांचं नाव येतं, पण मुळात त्या बोस्टनमध्ये वस्त्यांत काम करायच्या, आणि शाळांच्या इमारती संध्याकाळी वस्तीसाठी खुल्या व्हाव्यात म्हणून त्यांनी बरीच खटपट केली. 1925 साली त्यांनी संघर्षावर एक व्याख्यान दिलं. त्यातलं उदाहरण हार्वर्डच्या ग्रंथालयातलं आहे. एका लहान खोलीत दोघं बसले होते. एकाला खिडकी उघडी हवी, फॉलेटबाईंना बंद. शेवटी त्यांनी शेजारच्या रिकाम्या खोलीतली खिडकी उघडली. त्यांचं म्हणणं, ही तडजोड नव्हे. त्या माणसाला ती विशिष्ट खिडकी उघडी नको होती, मोकळी हवा हवी होती. बाईंनाही खोली कोंदट नको होती, फक्त उत्तरेचा वारा अंगावर नको होता. भांडण मिटवायचे तीन मार्ग त्या सांगतात. एकाने दुसऱ्याला दाबायचं, दोघांनी थोडं-थोडं सोडायचं, किंवा दोघांना खरं काय हवं आहे ते काढून तिसरी वाट पाहायची.

आपल्याकडे तडजोडीचं फार कौतुक आहे. 'समजूतदार' मुलगी म्हणजे तडजोड करणारी मुलगी. पण तडजोडीत जे सोडलं ते मनात राहतं आणि पुढच्या भांडणात व्याजासकट बाहेर येतं. आपांना काय हवं होतं? तास कमी नको होते, जिना नको होता आणि मान हवा होता. टीचरला काय हवं होतं? तिला आपांचा तास नको होता, आपल्यावर किती पडतं हे कुणीतरी मोजावं एवढंच होतं. आपांचे नववी-दहावीचे वर्ग खालच्या मजल्यावर आणले, हा निर्णय पाच मिनिटांचा होता. वीस वर्षांत कुणाला सुचला नव्हता, कारण त्यांनी गुडघ्याबद्दल कधी सांगितलं नाही, त्या फक्त रागवायच्या.

मग वही आली. साधी, लांब, दोनशे पानी, स्टाफरूमच्या टेबलावर दोरीने बांधलेली. बदली तास कुणाला लागला, संस्थेच्या किंवा सरकारी कामाला कोण गेलं, दोन्ही त्यात. शिक्षण हक्क कायद्याचं कलम 27 शिक्षकाला जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून इतर अशैक्षणिक कामाला लावू नये म्हणतं, पण या तिन्हींत कुणाचं नाव पाठवायचं हे शेवटी शाळेतच ठरतं, तेव्हा तेही वहीत. पुढचा तास ज्याचा आकडा सगळ्यात कमी त्याला. चिठ्ठी कुणी पाठवली, कुणाच्या सांगण्यावरून, हा प्रश्नच उरला नाही. जुम्म्याला पुरुष शिक्षक नमाजला जातात तेव्हा वर्ग बायका सांभाळतात, हे वर्षानुवर्षं चालत आलं होतं. वहीत लिहायला लागल्यावर एका भाईजानांनी स्वतःच बुधवारचे दोन तास घेतले. कुणी सांगितलं नव्हतं, रकाना दिसला एवढंच. रमजानमध्ये सकाळची शाळा, सहरी उरकून सातला हजर, आणि शेवटच्या तासाला सगळ्यांचा घसा कोरडा. तेव्हा आमच्या चित्रकलेच्या सावंत-पाटील वळणाच्या मॅडम (त्या मुसलमान नाहीत, एवढंच म्हणायचंय) शेवटचे तास मागून घेतात आणि गौरीच्या वेळी वसूल करतात. हे आधीही होतं. आता त्या वहीत लिहितात आणि शेरा मारतात, 'गौरीला परत'.

महिन्याची सभाही बदलली. आधी हेडमास्टर साहेब बोलायचे आणि आम्ही सह्या करायचो. आता सगळ्यात कमी नोकरी झालेल्या माणसापासून बोलणं सुरू होतं. ज्येष्ठ आधी बोलले की धाकट्याला तेच म्हणावं लागतं, असा आमचा अनुभव. पहिल्या दोन सभांत धाकटे काहीच बोलले नाहीत. तिसऱ्या सभेत टीचरने विचारलं की प्रयोगशाळेची किल्ली संस्थेच्या कपाटात का असते. त्यावर चाळीस मिनिटं वाद झाला, आवाज चढले, आणि कुणी कुणाशी बोलणं टाकलं नाही. मला तो दिवस ईदसारखा वाटला.

सगळंच वहीने मिटतं असं मात्र नाही, आणि सगळं मिटवायचंही नसतं. सेवाज्येष्ठतेचं बघा. खाजगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांच्या 1977च्या कायद्याखालची 1981ची नियमावली सांगते की ज्येष्ठता यादी कर्मचाऱ्यांमध्ये फिरवावी, प्रत मिळाल्याच्या सह्या घ्याव्यात, हरकत असेल तर विचारात घ्यावी, आणि वाद राहिला तर शिक्षणाधिकाऱ्यांकडे जावा. ज्या शाळा ही यादी दरवर्षी फिरवतात तिथे हेडमास्टरची जागा रिकामी होते तेव्हा चहापेढे होतात. ज्या ती कपाटात ठेवतात तिथे शाळा न्यायाधिकरणाच्या तारखा पडतात, आणि दोन मित्र एकमेकांविरुद्ध वकील लावतात.

त्याहून गंभीर गोष्ट छळाची. बाईमाणसाला कामाच्या जागी कुणी नको तसं बोललं, नको तिथे हात लावला, तर तिथे 'मिट्टी डालो' म्हणणारा भला माणूसच सगळ्यात धोक्याचा. 2013च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे अंतर्गत समिती हवी, तिच्या अध्यक्षपदी बाई हवी, एक सदस्य बाहेरचा हवा. तक्रार साधारण तीन महिन्यांच्या आत द्यायची. समेटाची तरतूद त्या कायद्यातही आहे, पण तो फक्त तक्रार करणाऱ्या बाईने मागितला तरच, आणि पैसे देऊन तर नाहीच. हे कलम मी आमच्या स्टाफला मुद्दाम मोठ्याने वाचून दाखवलं. उर्दूत आपण 'सुलह-सफ़ाई' असा जोडशब्द वापरतो. अशा प्रकरणात आधी सफ़ाई, म्हणजे काय झालं त्याचा छडा. सुलह करायची की नाही, हे त्या बाईने ठरवायचं, हेडमास्टरने नव्हे, संस्थेने नव्हे, तिच्या नवऱ्यानेही नव्हे. आमच्या फळ्यावर समितीच्या नावांचा कागद आहे. आधी तो कॅलेंडरच्या मागे होता.

आपा आणि टीचर मैत्रिणी झाल्या का, असं एका वाचक भगिनीने मला विचारलं होतं. नाही झाल्या. डबे अजून दोन टेबलांवरच उघडतात. पण नववीतलं कुणी दोन दिवस दिसलं नाही तर टीचर खिडकीतून हाक मारते, "आपा, वो बडी मस्जिद के पीछे वाला नहीं आया आज भी," आणि आपा लिहून घेतात. सरांचं नाव वहीत येतं, कधी कधी त्यांच्याच अक्षरात. यंदा जूनपासून वही टीचरकडे दिली आहे. तिने पहिल्याच आठवड्यात एक नवा रकाना आखला, 'कामाचं स्वरूप आणि परत आल्याची वेळ'. सरांनी त्यावर लेखी हरकत घेतली आहे. आमच्या शाळेतली ही पहिली लेखी हरकत. शनिवारच्या सभेत विषय आहे.